रस्त्याचं विचारा : उजव्या लेनमधला कंटेनर

प्रश्न : शनिवार-रविवार ऐरोलीहून पुण्याला जाणं होतं. एक्स्प्रेसवेवर एक कंटेनर दुसऱ्याला ओव्हरटेक करायला थेट उजव्या लेनमध्ये घुसतो आणि मागे रांग लागते. माझा मेहुणा कॅलिफोर्नियात असतो. तो म्हणतो, तिकडे ट्रकला डाव्या लेनमध्ये यायलाच बंदी आहे. आपल्याकडे असा कायदा का होत नाही?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मेहुण्यांचं खरं आहे. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून त्यांची डावी लेन ती आपली उजवी. कॅलिफोर्नियात तीन किंवा जास्त ॲक्सलच्या ट्रकला ताशी 55 मैलांची, म्हणजे साधारण 88 किलोमीटरची मर्यादा आहे आणि चालायचं कडेच्या लेनमधून. एका दिशेला चार लेन असतील तर कडेच्या दोन. आपल्यासारखं डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनमध्येही तीन लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या मालट्रकला अगदी उजवी लेन बंद असते.

आपल्याकडे कायदा नाही, असं मात्र नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना मज्जाव करता येतो. घोडबंदर रोडवर अवजड गाड्यांच्या वेळा ठरवतात त्या अशाच अधिकारातून. एक्स्प्रेसवेवर अवजड वाहनांनी डाव्या लेनने चालावं असे फलक आहेत, लेन मोडली की कॅमेऱ्यावरून ई-चलनही येतं. तरी कंटेनर उजवीकडे येतोच. का, ते सांगतो. न्हावा शेवाहून मी बरीच वर्षं ट्रेलर चालवलाय.

डावीतल्या गाडीला मधल्या लेनमधून ओलांडलं तर तुमची उजवी मोकळीच राहते. घोळ होतो तो मधलीतच कोणी रेंगाळत असेल तेव्हा. समजा मधलीत एक ट्रेलर 60 ने चाललाय आणि 65 वाला त्याला ओलांडतोय. दोघेही 16 मीटर लांब, आधी आणि नंतर 20-20 मीटर अंतर. म्हणजे 72 मीटर जास्तीचे कापायचे, तेही ताशी 5 किलोमीटरच्या फरकाने. याला 52 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात 900 मीटरपेक्षा जास्त रस्ता सरतो. मागे 100 ने येणाऱ्या तुम्हाला वाटतं, हा मुद्दाम अडवतोय. तो बिचारा ॲक्सिलरेटर तळाला लावून बसलेला असतो. लोड गाडी, त्यात 80 वर बांधलेला स्पीड गव्हर्नर. आणखी पळवायची कुठून?

मग मधला डावीत का जात नाही? खोपोलीच्या पुढे चढ लागला की डावी लेन नीट बघा. गरम होऊन थांबलेली गाडी, चाकामागे दगड, रिफ्लेक्टरच्या जागी झाडाची फांदी. रात्री ती फांदी दिसेपर्यंत ब्रेकला वेळ उरत नाही. ठाणे-बेलापूर रोडला तर विचारूच नका. तुर्भ्याला, महापेला डावीकडे उभे टँकर, थांब्यावर बस, कोपऱ्यावर रिक्षा. लोड ट्रेलर एकदा थांबवला की पुन्हा पहिल्या गिअरपासून सुरुवात. म्हणून ड्रायव्हर मधली धरतो ती सोडतच नाही, आणि मग हीच सवय घेऊन एक्स्प्रेसवेला लागतो. ट्रकला उजवी बंद करा, माझी हरकत नाही. पण आधी डावीत उभ्या गाड्या उचला. नुसता दंड वाढवून मालकाचा खर्च वाढेल, लेन तीच राहील.

प्रश्न : मी पाम बीच रोडवर आणि हायवेवर कार 60 ने, उजव्या लेनमधूनच चालवते. बाइकवाले मध्ये येत नाहीत, सुरक्षित वाटतं. मागचे मात्र सारखे डिपर मारतात. शिस्तीत चालवणं गुन्हा आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताई, 60 ला कोणाची ना नाही, लेनला आहे. पुढच्या सिग्नलला उजवीकडे वळायचं असेल तर खुशाल उजवीत या. एरवी ती लेन ओलांडणाऱ्यासाठी. ओलांडलं की डावीकडे परत यायचं, मग तुम्ही 60 ने असा नाहीतर 100 ने. वर उत्तर दिलेल्या कंटेनरला सगळे शिव्या घालतात, पण उजवीत एकटी कार आरामात चालली असली की तिच्यामागचे लोक डावीकडून घुसायला लागतात. त्यात तुमची सुरक्षितता कुठे राहिली? ब्रिटनमध्ये 2013 पासून मधली लेन अडवून बसणाऱ्याला जागेवर 100 पौंड दंड करता येतो. आपल्याकडे ड्रायव्हिंगच्या नियमावलीचा भंग केला तर कलम 177अ खाली 500 ते 1000 रुपये आहेत. तो दंड कोणी भरलेला मी अजून पाहिला नाही, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : डिपर मारूनही ट्रक साइड देत नसेल तर डावीकडून काढली तर चालेल का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : नको. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याच्या केबिनच्या डाव्या कुशीत शिरलेली छोटी कार त्याला दिसतच नाही. शिवाय डिपर मारून तुम्हीच त्याला डावीकडे हो म्हणून सांगितलंत. तो आरशात बघेल, इंडिकेटर देईल न देईल, पण सरकेल डावीकडेच. नेमके तेव्हा तुम्ही तिथे असाल.