सेन्सर सांगतो एक, मोटर करते उलटे : रिले वापरावा की ऑप्टोकपलर?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ठिबकच्या ऑटोमेशनबद्दल आलेल्या प्रश्नांत एक अडचण वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते. सेन्सर जो इशारा देतो, तो पुढच्या यंत्राला नेमका उलटा हवा असतो. दुकानदार सांगतो, "वायर एनओवरून काढून एनसीला लावा, झाले काम." एनओ आणि एनसी ही रिलेची, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची, दोन टोके. काम होते हे खरे. पण इशारा उलटवण्याची जागा चुकली, तर एका रात्रीत बागेचे नुकसान होते. म्हणून नुसती जोडणी न सांगता, इशारा कुठे उलटवावा आणि का, हेही आज सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न सांगोला तालुक्यातील डाळिंब बागायतदारांचा आहे. "ओलावा सेन्सर आणि निळ्या रंगाचे रिले मॉड्यूल बसवले. पाणी दिल्यावर मोटर सुरू होते आणि जमीन सुकली की बंद पडते. सेन्सर खराब आहे का?"

सेन्सर चांगला आहे. दोन काटे असलेल्या या स्वस्त सेन्सरसोबत जी छोटी पट्टी मिळते, तिच्यावर तुलना करणारी एलएम ३९३ ही आयसी (छोटी चिप) असते. जमीन ओली झाली की तिचे डिजिटल आउटपुट शून्य व्होल्टजवळ जाते आणि कोरडी झाली की ५ व्होल्टजवळ. बाजारातली बहुतेक निळी रिले मॉड्यूल इनपुट शून्यावर आल्यावर रिले ओढतात. दोन्ही सरळ जोडली, तर ओल आली की रिले ओढणार आणि मोटर चालणार. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची भाषा तेवढी जुळत नाही.

रिलेला तीन टर्मिनल असतात : मधला कॉमन, एका बाजूला एनओ आणि दुसऱ्या बाजूला एनसी. कॉइलला वीज नसताना कॉमन एनसीला जोडलेला असतो. रिले 'टिक' करून ओढला की तो एनओला जातो. म्हणून वायर एनओवरून एनसीवर नेली की काम उलटे होते, एक पैसाही खर्च होत नाही.

आता या फुकटच्या उपायातला धोका पाहा. सेन्सरचा ५ व्होल्टचा अडॅप्टर जळाला, बॅटरी उतरली किंवा उंदराने वायर कुरतडली, तर रिले सुटतो. रिले सुटला की एनसी जुळतो, म्हणजे मोटरला 'चालू'चा हुकूम मिळतो. थ्री-फेज रात्रीच्या पाळीत आलेली असेल, तर मोटर सकाळपर्यंत चालत राहील. हस्त बहारासाठी बाग ताणावर सोडलेली, म्हणजे तिचे पाणी तोडलेले असताना असे एकदा जरी झाले, तरी ताण तुटतो, फूट अवेळी येते आणि सगळा बहार मागेपुढे होतो. भारी जमिनीत मुळांशी सतत पाणी राहिले की मर रोगालाही वाट मिळते. म्हणून पंपाच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे. इशारा अशा जागी उलटवा की वीज गेली किंवा वायर तुटली तरी मोटर बंदच राहील. मोटरचे काम एनओवरच ठेवा आणि उलटवायचे ते रिलेच्या अलीकडे, सेन्सरच्या बाजूला उलटवा.

त्यासाठी आधी रिले मॉड्यूलवर एच आणि एल असा जंपर (इनपुट वर गेल्यावर रिले ओढावा की शून्यावर, हे निवडणारी छोटी टोपी) आहे का ते बघा. असेल तर तो एचवर टाकून पाहा. रिले नीट ओढत नसेल किंवा जंपरच नसेल, तर बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर आणि १० किलो-ओहमचा एक रेझिस्टर घ्या. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. सेन्सरच्या पट्टीचे आउटपुट रेझिस्टरमधून बेसला, एमिटर ग्राउंडला (५ व्होल्ट पुरवठ्याच्या ऋण वायरीला) आणि कलेक्टर रिले मॉड्यूलच्या इनपुटला जोडा. जमीन कोरडी झाली की बेसला व्होल्टेज येते, कलेक्टर इनपुटला शून्यावर ओढतो आणि रिले एनओ जोडतो. पुरवठा गेला तर सगळे सुटते आणि मोटर थांबते.

काही जणांनी इथे ऑप्टोकपलर (उजेडाच्या मदतीने इशारा पलीकडे देणारा भाग) लावून पाहिला आणि तो 'चालत नाही' असे कळवले. कारण असे की या पट्टीचे आउटपुट फक्त खाली ओढायला सक्षम असते. वरच्या बाजूला १० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून जेमतेम अर्ध्या मिलिअँपिअरइतका प्रवाह मिळतो आणि ऑप्टोकपलरचा एलईडी तेवढ्यावर भरवशाने पेटत नाही. शिवाय त्या निळ्या मॉड्यूलवर बहुतेक वेळा एक ऑप्टोकपलर आधीच असतो. काही फुटांच्या अंतरासाठी ट्रान्झिस्टर पुरेसा आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही जोडणीने सुटत नाही. काट्यांची वायर तुटली, तर सेन्सरला जमीन कोरडीच वाटते आणि तो मोटर मागतो. त्यामुळे एका पाळीत जास्तीत जास्त किती मिनिटे पाणी द्यायचे, याचा टायमर मध्ये हवाच. शिवाय हे काटे जमिनीची वीजवाहकता मोजतात. विद्राव्य खत सोडल्यावर क्षार वाढतात आणि जमीन आहे त्यापेक्षा ओली दिसते. फर्टिगेशननंतरच्या आकड्यावर विसंबू नका. मूठभर माती हातात घेऊन वाफसा आहे का ते स्वतः बघा.

आता रिलेपासून स्टार्टरपर्यंतचा भाग. इथे जिवाला धोका आहे, म्हणून जरा थांबून वाचा. त्या छोट्या रिलेवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असे छापलेले असते. ५ एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ८ अँपिअर घेते, पण सुरू होताना ती सहापटीपर्यंत जाते. हा रिले मोटरच्या मुख्य वायरीत कधीच घालायचा नाही. त्याने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालू-बंद करायची. त्यातही, आपल्याकडच्या अनेक स्टार्टरची कॉइल दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. २५० व्होल्टच्या रिलेला हे व्होल्टेज झेपत नाही. ठिणगी विझत नाही, आतल्या जोडणाऱ्या पट्ट्या चिकटतात आणि रिले सुटूनही मोटर चालूच राहते. मध्ये १२ किंवा २४ व्होल्ट डीसी कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर घाला. त्याच्या पट्ट्या ४१५ व्होल्टसाठी बनवलेल्या असल्याची खात्री लेबलवर करून घ्या. जोडणी कशीही असली तरी स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (प्रवाह जास्त झाला की मोटर बंद करणारा) कॉइलच्या वाटेत राहिलाच पाहिजे. ऑटोमेशन बसवताना तो वगळून वायर ओढलेली दिसली, तर ते काम त्याच दिवशी बदलून घ्या. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

दुसरा प्रश्न निफाडच्या द्राक्ष बागायतदारांचा : "विहिरीतला फ्लोट (तरंगता स्विच) पाणी असताना १२ व्होल्ट पाठवतो. कंट्रोलर ईएसपी ३२ चा आहे. त्याला इनपुट शून्यावर आल्यावर 'पाणी आहे' असे कळते. विहीर बरीच लांब आहे. काय करावे?"

ऑप्टोकपलरची खरी जागा ही. ईएसपी ३२ ची पिन ३.३ व्होल्टची असते, तिला १२ व्होल्ट थेट दिले तर ती जळते. पीसी ८१७ हा चार पायांचा, काही रुपयांत मिळणारा भाग इथे तीन कामे एकदम करतो. तो व्होल्टेज बदलतो, इशारा उलटवतो आणि विहिरीकडची वायर कंट्रोलरपासून वेगळी ठेवतो. त्याच्या आत एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशावर चालणारा ट्रान्झिस्टर असतो. दोघांत तारेचा संबंध नसतो, उजेड तेवढा पलीकडे जातो.

अंगावर ठिपका असतो तो पाय क्रमांक १. फ्लोटकडून येणारे १२ व्होल्ट १ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून पाय १ ला द्या आणि पाय २ फ्लोटच्या ऋण वायरीला जोडा. एलईडीवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात, उरलेल्या १०.८ व्होल्टमुळे जवळजवळ ११ मिलिअँपिअर प्रवाह जातो. पुरवठा २४ व्होल्टचा असेल तर ४.७ किलो-ओहम घ्या. कंट्रोलरच्या बाजूला पाय ३ ग्राउंडला आणि पाय ४ इनपुट पिनला जोडा. पिनपासून ३.३ व्होल्टपर्यंत १० किलो-ओहमचा रेझिस्टर लावा. विहिरीत पाणी असले की एलईडी पेटतो आणि पिन शून्यावर येते. पाणी संपले, फ्लोट बिघडला किंवा वायर तुटली, तर एलईडी विझतो, पिन वर जाते आणि मोटर थांबते. कोरडी चालून सबमर्सिबलचे वाइंडिंग जळण्यापेक्षा, वायर तुटल्याने एक पाळी चुकलेली परवडते. फ्लोट उलट्या प्रकारचा, म्हणजे पाणी संपल्यावर १२ व्होल्ट देणारा असेल, तर तो बदलून घ्या. 'पाणी आहे' हाच इशारा विजेचा असला पाहिजे.

दोन्ही बाजूंचे ग्राउंड एकमेकांना जोडू नका आणि दोन्हीकडे वेगवेगळा अडॅप्टर वापरा. अनेक जण सवयीने ग्राउंड एकत्र करतात आणि ऑप्टोकपलर बसवल्याचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. लांब वायरीत विजांच्या दिवसांत उलटे झटके येतात. या एलईडीला उलट दिशेने ६ व्होल्टपेक्षा जास्त सहन होत नाही, म्हणून पाय १ आणि २ मध्ये १एन ४१४८ डायोड उलटा लावा, त्याच्या अंगावरची पट्टी पाय १ कडे ठेवा. फ्लोटची वायर मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून नेली, तर फ्लोट बंद असतानाही एलईडी मंद पेटू शकतो. वायर वेगळ्या पाइपातून न्या. ते शक्य नसेल तर पाय १ आणि २ मध्ये १ किलो-ओहमचा आणखी एक रेझिस्टर लावा, किरकोळ प्रवाह त्यातून निघून जाईल. थेट वीज कोसळली तर मात्र पीसी ८१७ वाचवेल असे समजू नका.

ज्यांच्या कंट्रोलरमधून व्हॉल्व्हसाठी २४ व्होल्ट एसी निघते, त्यांनी पीसी ८१७ च्या भानगडीत पडू नये. एसीवर त्याचा एलईडी सेकंदाला ५० वेळा पेटतो-विझतो आणि पुढचा कंट्रोलर गोंधळतो. २४ व्होल्ट एसी कॉइलचा रिले घ्या. इशारा उलटा हवा तर एनसी आहेच, पण वरचा धोका लक्षात ठेवून. डीसी कॉइलचा सुटा रिले वापरणाऱ्यांनी कॉइलवर १एन ४००७ डायोड लावावा, पट्टी धन बाजूला. नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका ट्रान्झिस्टर मारतो.

तिसरा प्रश्न बंदिस्त शेडमध्ये ब्रॉयलर पाळणाऱ्या भगिनीचा आहे. विषय पशुसंवर्धनाचा असला तरी उत्तर इथेच द्यायला हवे. "रात्री वीज गेली आणि पंखे थांबले की झोपेत कळत नाही. वीज गेल्यावर भोंगा वाजेल असे काही करता येईल का?"

नक्की करता येईल, आणि इथे एनसीच हवा. २३० व्होल्ट एसी कॉइलचा रिले पंख्यांच्याच लाइनवर लावा. १२ व्होल्टची बॅटरी आणि भोंगा कॉमन व एनसीमधून जोडा. वीज आहे तोवर रिले ओढलेला राहतो आणि भोंगा गप्प असतो. वीज गेली, फ्यूज उडाला किंवा रिलेची कॉइल जळाली, तरी एनसी जुळतो आणि भोंगा वाजतो. पंपाला जे घातक होते, तेच इथे पक्ष्यांना वाचवते. बंद शेडमध्ये उन्हाळ्यात पंखे थांबल्यावर हाताशी वेळ फार थोडा असतो. थ्री-फेज पंखे असतील तर प्रत्येक फेजवर एकेक रिले लावा आणि तिन्हींचे एनसी समांतर जोडा, म्हणजे एकच फेज गेला तरी कळण्याची शक्यता वाढेल. बॅटरी चार्जरवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा पंख्यांच्या लाइनचा एमसीबी क्षणभर पाडून भोंगा वाजतो का ते बघा.

पंपाची नवी जोडणी कोणतीही असो, मोटर लगेच जोडू नका. रिलेच्या पुढे आधी १२ व्होल्टचा छोटा दिवा लावा. सेन्सर ओल्या आणि कोरड्या मातीत ठेवून दिवा हवा तसा लागतो का ते पाहा. मग एकेक करून अडॅप्टर काढा, सेन्सरच्या पट्टीची आउटपुट वायर काढा, फ्लोटची वायर काढा, आणि प्रत्येक वेळी दिवा विझतो का ते तपासा. ओलावा सेन्सरच्या काट्यांची वायर काढल्यावर दिवा लागेल. तिथे टायमर ठरलेल्या मिनिटांनी तो बंद करतो का ते घड्याळ लावून पाहा. यातली एकही चाचणी चुकली, तर स्टार्टरला वायर जोडू नका.