‘मी तर धडधाकट आहे, माझी तपासणी कशाला?’

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या नवऱ्यांकडून हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. कोल्हापूरकडचा एक तरुण ते म्हणाला तेव्हा शर्टाच्या बाह्या दंडावर ताणल्या होत्या, म्हणून तो लक्षात राहिला. त्याला महेश म्हणू, बायकोला रूपाली. नावं आणि खुणा बदलल्या आहेत.

लग्नाला पाच वर्षं. रूपालीच्या पिशवीत रिपोर्टांचं बाड होतं. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, भूल देऊन दुर्बिणीची तपासणी, वर इंजेक्शनं. मी शेवटच्या पानापर्यंत गेले, महेशच्या नावाचा एक कागद सापडला नाही. वीर्यतपासणीला भूल नको, टाके नकोत. दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळून नमुना द्यायचा, की झालं. तरी तीच सगळ्यात शेवटी होते. यात आम्हा दवाखान्यातल्या लोकांचाही दोष आहे. समोर बाई बसलेली असते, तिच्यापासूनच सुरुवात होते.

“ह्यांना काही बोलू नका मॅडम, माझंच काहीतरी असणार,” रूपाली म्हणाली. नणंदेच्या डोहाळजेवणात सासूबाईंनी तिला ओटी भरू दिली नव्हती.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडचंही कारण असतं, एवढंच मी सांगितलं. महेश कुरकुरत तपासणीला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलीलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरली आहे. त्याहून कमी असले म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. महेशचा आकडा मात्र शून्य होता. पुन्हा तपासलं, पुन्हा शून्य.

पुढच्या वेळी तो एकटा आला. “मॅडम, संबंधात काहीच अडचण नाही. मग मी पुरुष नाही का?”

इच्छा, ताकद आणि शुक्रजंतूंची संख्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावायला माझा अर्धा तास गेला. मग विचारलं, “जिममध्ये काही घेता?”

बराच वेळ तो बोटं मोडत बसला. “टेस्टोस्टेरॉन. चार वर्षं झाली. सगळेच घेतात.”

वृषणं चालतात मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीच्या हुकमावर. बाहेरून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, आलं की तिला वाटतं, माल भरपूर आहे. ती हुकूम पाठवणं थांबवते. रक्तात हॉर्मोन उदंड, वृषणात मात्र दुष्काळ, आणि शुक्रजंतू तयार होणं बंद. दंड फुगतात, वृषणं आक्रसतात. याच तत्त्वावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक करता येईल का, हे जागतिक आरोग्य संघटनेनं सात देशांत तपासलं होतं. १९९० साली निष्कर्ष छापून आले. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉन टोचलं, सहा महिन्यांत १५७ जणांचा काउंट शून्यावर आला.

म्हणजे चार वर्षं या घरात बायको मूल होण्याची इंजेक्शनं घेत होती आणि नवरा न होण्याची.

इंजेक्शन थांबवायचं, पण आपल्या मनानं नाही, हे मी त्याला बजावलं. एकदम सोडलं की गळून गेल्यासारखं होतं, मन खचतं, इच्छा मरते, आणि हे तरुण घाबरून पुन्हा सुई टोचून घेतात. म्हणून हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. शुक्रजंतू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, तेव्हा दर पंधरवड्याला काउंट करून काही हाती लागत नाही. बहुतेकांचा काउंट परततो, पण काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि काहींचा पूर्ववत होत नाही. हेही मी लपवलं नाही.

“रूपालीला सांगू नका,” तो म्हणाला.

“मी नाही सांगणार. पण तिला पुढची सुई टोचायच्या आधी तुम्ही सांगायला हवं.”

त्याला तीन आठवडे लागले. माझ्याच खोलीत सांगितलं. ती रडली नाही. तिनं एकच विचारलं, “मला दुर्बीण घातली, तेव्हापण घेत होता?” तो “हो” म्हणाला. पुढच्या दोन भेटींना ती आलीच नाही.

तिसऱ्या महिन्यात शून्य. सातव्या महिन्यात मिलीलिटरला ३० लाख. महेशनं रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. घरी मात्र त्यानं अजून ‘दोघांची ट्रीटमेंट चालू आहे’ इतकंच सांगितलंय.

“दोघांची नाही,” रूपाली म्हणाली. “कुणाची, ते सांगा.”

पुढच्या भेटीला तो आईला घेऊन येणार आहे.