मासिक काढतोयस ना, मग आधी एवढंच बघ

मालवणात बसून पोरांसाठी बिझनेसचं ऑनलाइन मासिक? काढच रे. फक्त लोगो, ॲप, डोमेनचं नाव यात दोन महिने घालवू नकोस, नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो.

१) वाचक एकच धर. बारावीनंतर काजूचं युनिट टाकू बघणारी मुलगी आणि मुंबईची नोकरी सोडून गावी यायचं म्हणणारा, दोघांचे प्रश्न वेगळे.

२) आकडे विचार. 'जिद्दीने यश मिळवलं' टाइप गोष्टी ढिगाने पडल्यात. कोकम आगळवाल्याला विचार की बाटली, लेबल, कुरियर धरून पैसे सुटतात किती, उधारी कुठे अडकते, फूड लायसन्सला काय काय लागलं. हापूसला २०१८ मध्ये जीआय (म्हणजे ठराविक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालं, पण ते अधिकृतपणे वापरायला बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते, ती कशी करायची एवढंच सोपं करून लिहिलंस तरी लोक सेव्ह करून ठेवतील. सरकारी योजनांचं कॉपी-पेस्ट मात्र नको, अटी बदलतात, मूळ वेबसाइट बघ आणि खाली तारीख टाक.

३) तीन अंकांचा मजकूर हातात ठेवूनच पहिला काढ. मे महिन्यात सगळे आंब्यात, गणपतीत तर कोण फोनही उचलत नाही :)

पैसे घेऊन काही छापलंस तर वर 'जाहिरात' लिही, ओळखीतला असला तरी.

एसईओ (गुगलवर वर दिसायची खटपट), सबस्क्रिप्शन वगैरे नंतर बघू. पहिली मुलाखत झाली की ड्राफ्ट पाठव, वाचून सांगतो.