जुनी पिकअप घेताय? आधी थंड इंजिन बघा

भाऊ, पहिलीच गाडी घेताय ना, मग सकाळी सातलाच जा. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, "मी येईपर्यंत चावी फिरवू नका." बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर काहीतरी लपवलंय. डिझेलचं दुखणं थंड स्टार्टलाच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. भसाभस धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा, हात जोडून परत या.

मग खाली वाका. नागपूरच्या कळमना बाजाराला ओव्हरलोड कांदे-संत्री वाहिलेल्या गाडीच्या चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, वेल्डिंग सापडतं, स्प्रिंगचे पाटे चपटे झालेले असतात. नव्या रंगाला भुलू नका (मी भुललो होतो).

आरसीवरचा कर्जाचा बोजा, फिटनेस सर्टिफिकेटची तारीख, थकलेली चलानं बघा. टर्बो-इंजेक्टरचं सध्या मेकॅनिकवर सोडा.