आश्रमशाळेसाठी गोधड्या, आणि दिवाळी एकटीची

प्रश्न : ताई, मी पारोळ्याची. वय 63. यजमान गेल्या वर्षी गेले. मुलगा-सून बंगळुरूला, सुनेचं बाळंतपण तिच्या माहेरी आहे म्हणून यंदा दिवाळीला कुणी येणार नाही. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येते, दिवाळीला ती सासरी. घरात मी एकटी. पेटीत सासूबाईंच्या आणि आईच्या सुती नऊवाऱ्या आहेत, माझ्या वापरातल्या साड्या आहेत, यजमानांची धोतरं आहेत. सातपुड्यातल्या एखाद्या आश्रमशाळेत गोधड्या शिवून द्याव्यात असं मनात आलं. भाऊबीजेपर्यंत दहा तरी व्हाव्यात. थर किती घ्यावेत, कापूस भरावा का, मशीनवर शिवलं तर चालेल का? आणि शेजारीण म्हणते, “दिवाईले सुई हातमा काय धरी व माय?” तिचं मनावर घ्यावं का?

उत्तर : ताई, आधी भाऊबीज डोक्यातून काढा. दिवाळीत आश्रमशाळेला सुट्टी असते, पोरं आपापल्या पाड्यावर घरी गेलेली असतात. तुम्ही गाडी करून गठ्ठा घेऊन जाल आणि दाराला कुलूप बघून परत याल. शिवाय थंडी कुठे आलीय अजून? खानदेशात दिवाळीत दुपारी पंखा लागतो. खरी थंडी मार्गशीर्षात धरते आणि पौषात हाडात शिरते. धुळ्यात काही वर्षी पारा पाच-सहा अंशांवर येतो, मग तोरणमाळकडच्या डोंगरात काय होत असेल बघा. म्हणजे तुमच्या हाताशी चांगला दीड महिना आहे.

आणि दहा होणार नाहीत. हाताची एक घट्ट गोधडी एकटीला आठ-दहा दिवस सहज घेते. तीन शिवा, चार शिवा. दहाचा आकडा धरला की टाके लांब पडायला लागतात, आणि लांब टाक्यांची गोधडी दोन धुण्यांत सुटते. नातवासाठी शिवलेली गोधडी सून जपून धुते. वसतिगृहातली दगडावर आपटली जाते, कधी ओलीच घडी होते, तिच्यावर दोन-दोन पोरं झोपतात. म्हणून दानाची गोधडी घरच्यापेक्षा जास्त मजबूत लागते. “द्यायचंय तर चालेल तसं” हे मला अजिबात पटत नाही.

आता थर. नऊवारी म्हणजे 27 फूट. तिची चार पदरी घडी घातली की लांबी पावणेसात फूट, रुंदी पन्ह्याची, साधारण पावणेचार फूट. एका पोराला ही पुरेपूर. म्हणजे एका लुगड्याचे चार थर कापाकापी न करता मिळतात. हे झालं पोट. वर आणि खाली एकेक धड कापड घाला, सहा थर होतात. यजमानांची धोतरं पोटात घालायला फार चांगली, मऊ असतात आणि सुई अडत नाही. लुगडं उजेडात धरून बघा. जिथे जाळी पडलीय तो भाग आत, दाट भाग वर. जरीचा काठ उसवून टाका, तो गालाला टोचतो. लाल आणि जांभळ्या रंगाची परीक्षा घ्या : ओलं पांढरं फडकं दाबून चोळा, रंग उतरला तर ते कापड बाजूला. नवं मांजरपाट वापरणार असाल तर आधी पाण्यात भिजवून वाळवा. जुनं कापड आटून बसलेलं असतं, नवं नंतर आटतं आणि गोधडीला सुरकुत्या धरतात.

तुमच्या वापरातल्या साड्यांत नायलॉन, पॉलिस्टरच्या असतील तर त्या घालू नका, वरून कितीही छान दिसल्या तरी. पोरं शेकोटीजवळ बसतात. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं. नायलॉन-पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

कापूसही नको. आपण कापसाच्या मुलखातले, मोह होणारच. पण पिंजलेला कापूस धुतला की गोळा होतो, आणि हिवाळ्यात तीन दिवस वाळत नाही. वाळली नाही तर त्या रात्री पोराच्या अंगावर काय? कापडाचे थर सकाळी धुतले तर संध्याकाळपर्यंत उन्हात कोरडे होतात.

मशीन जोडकामापुरती आणि काठ दुमडण्यापुरती ठेवा, 16 नंबरची सुई लावून. सहा थरांवर घरगुती मशीनचा पाय नीट सरकत नाही, खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे राहतो. मधलं सगळं हाताने, धावदोऱ्याने. जाड सुती दोरा दुहेरी घ्या, टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत बोटभर अंतर. काठापासून सुरू करून चौकोनात आत आत या. आधी मात्र कच्चे टाके घालायचे, तेही मधून काठांकडे, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात.

थर पसरायचं काम एकटीने होत नाही. एक टोक धरलं की दुसरं सरकतं. चारही कोपरे ताणून धरायला समोर माणूस लागतं, आणि इथे तुमची शेजारीण उपयोगी पडते. पाडव्याला तिला फराळाला बोलवा, ताटं उचलली की सतरंजी अंथरा आणि म्हणा, जरा त्या बाजूनं धर व. ती बोलत राहील, धरतही राहील. तिच्या पेटीतही दोन लुगडी निघतील, बघाच.

तिच्या बोलण्याचं म्हणाल, तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुई खाली ठेवा. शकुन-अपशकुनाचं मला ठाऊक नाही, पण दिवेलागणीनंतर आपल्या वयाला टाका दिसत नाही, आणि ती वेळ घरात एकटीने भिंतीकडे बघत काढायची नसते. पणत्या लावा, ओट्यावर बसा, मुलाला फोन करायचा तो तेव्हाच करा. बाकीचे दिवस तुमचे. मन रमावं म्हणून शिवताय की पोरांसाठी, असं कुणी विचारलं तर दोन्हीसाठी म्हणा. त्यानं गोधडी काही पातळ होत नाही.

आश्रमशाळाच हवी असं नाही, हेही सांगते. चाळीसगावकडून, नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला लेकरांसकट निघतात आणि थंडीभर फडाजवळच्या कोपीत झोपतात. एखादी गोधडी लवकर तयार झाली तर ती तिकडे द्या. शाळेसाठीच्या पौषापर्यंत थांबू शकतात.

शाळेला देताना मात्र सुट्टी संपली की मुख्याध्यापकांना आधी फोन करा. विचारा : पोरं खाटेवर झोपतात की जमिनीवर? जमिनीवर असतील तर एक गोधडी अंथरायला लागेल, ती सहाऐवजी आठ थरांची करा. धुतात कुठे, वाळत कुठे घालतात? सगळ्यात लहान वर्ग कोणता? गोधड्या मोजक्या असतील तर त्यांनाच मिळाव्यात, असं स्पष्ट सांगून ठेवा. नाहीतर एका खोलीत चार पोरांना मिळते आणि बाकीची बघत बसतात.

कोपऱ्यात कुणाच्या स्मरणार्थ म्हणून नाव काढायचा विचार असेल तर राहू द्या. तिथे त्या पोराला आपलं नाव घालता येईल एवढी पांढऱ्या धोतराची पट्टी शिवा. वसतिगृहात गोधड्यांची अदलाबदल फार होते.