वाचकांचे प्रश्न : पन्नाशीच्या उंबरठ्यावर कार्टिंग

प्रश्न : माझे वय ४९ वर्षे आहे. मिरकरवाडा बंदराजवळ माझे बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत मुलीने कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर नेले आणि तिथे दहा मिनिटे कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, चालवल्यापासून दुसरे काही सुचत नाही. मोठे चालक चौथ्या-पाचव्या वर्षीच सुरुवात करतात असे वाचले. मला या वयात हौशी शर्यतीत उतरता येईल का? गावी सड्यावर आमची मोकळी जागा आहे. जुनी कार्ट विकत घेऊन तिथे सराव करावा असे मनात आहे. पत्नीला माझ्या कमरेची काळजी वाटते.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य उतरता येईल. मायकेल शूमाकरच्या वडिलांनी तो चार वर्षांचा असताना पायडलच्या कार्टला छोटे इंजिन बसवून दिले होते हे खरे, पण ज्यांना फॉर्म्युला वनपर्यंत जायचे असते त्यांचे ते वेळापत्रक झाले. कार्ट मुळात मुलांसाठी जन्माला आलेली नाही. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने लू बोरेली यांच्या मदतीने नळ्यांच्या साध्या सांगाड्यावर छोटे टू-स्ट्रोक इंजिन चढवले, तेव्हा ते दोघेही चांगले प्रौढ होते. आजही रोटॅक्स या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये डीडी-२ मास्टर्स हा तिशी ओलांडलेल्या चालकांचा स्वतंत्र गट असतो.

सड्याचा विचार मात्र कृपया सोडून द्यावा. कार्टला सस्पेन्शन नसते आणि तिचा तळ जमिनीपासून जेमतेम दोन-तीन बोटे वर असतो, त्यामुळे जांभ्याच्या कातळावर नळ्या घासतील आणि प्रत्येक खळग्याचा हिसका थेट आपल्या मणक्यापर्यंत पोहोचेल. तिथे टायरांची संरक्षक भिंत नसेल आणि गाडी उलटली तर धावून येणारे कोणी नसेल. सार्वजनिक रस्त्यावर तर कार्ट नेताच येत नाही. शिवाय खाऱ्या वाऱ्यात चेन आणि बेअरिंग किती दिवस टिकतात, हे आपल्या व्यवसायातील माणसाला मी सांगायला नको. पहिले वर्षभर स्वतःची कार्ट घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्यातून एकदा आंबा घाटाने कोल्हापूरला जावे, भाड्याच्या कार्टवर दहा-दहा मिनिटांच्या दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक वेळी लॅप टाइमचा, म्हणजे ट्रॅकला एक वळसा घालायला लागलेल्या वेळेचा, कागद जपून ठेवावा. पावसाळ्यात ओल्या ट्रॅकवर गुळगुळीत टायर धरत नाहीत, म्हणून ते चार महिने व्यायामाला द्यावेत.

भाड्याच्या कार्टला बहुधा २०० ते २७० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असते आणि ती ताशी ५०-६० किलोमीटरच्या घरात पळते. आसन जमिनीला जवळजवळ टेकलेले असल्यामुळे तेवढा वेगही दुप्पट भासतो. शिकण्यासाठी हे इंजिन पुरेसे आहे, किंबहुना तेच योग्य आहे, कारण ताकद कमी असली की वळणातील प्रत्येक चूक लॅप टाइममध्ये लगेच दिसते. १२५ सीसीचे टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिन सरळ पट्ट्यावर ताशी १०० किलोमीटर सहज ओलांडते. त्याची घाई करू नये.

आता खरे शिकायचे काय, ते सांगतो. कार्टच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग ॲक्सल असतो, दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल नसतो. वळताना आतल्या चाकाला कमी अंतर कापायचे असते, पण ॲक्सल त्याला बाहेरच्या चाकाइतकेच फिरवतो. म्हणून ते चाक क्षणभर जमिनीवरून किंचित उचलले जावे लागते. स्टिअरिंग फिरवताच पुढचे आतले चाक खाली दाबले जाते, सांगाडा थोडा पिळतो आणि मागचे आतले चाक हलके होते. ही क्रिया घडू देण्यासाठी हात शांत लागतात. ब्रेक डाव्या पायाने, वळणाआधी सरळ रेषेत आणि एकदाच लावावा. मग स्टिअरिंग एका लयीत वळवून तसेच धरावे आणि बाहेर पडताना ते हळूहळू सोडत ॲक्सिलरेटर द्यावा. ब्रेक मागच्या ॲक्सलवरच असतो, त्यामुळे वळणाच्या मध्यात तो दाबला की मागची बाजू फिरते. मागची बाजू घसरली की पाहणाऱ्याला वेग वाटतो, प्रत्यक्षात वेळ वाया जातो. आपला डावा पाय आयुष्यभर क्लच दाबत आला आहे. त्याला हलका ब्रेक शिकवायला पहिले दोन-तीन महिने जातील.

आपल्या पत्नीची काळजी रास्त आहे, फक्त कमरेइतकेच बरगड्यांकडेही लक्ष द्यायला हवे. मी ४६व्या वर्षी सुरुवात केली. भाड्याच्या कार्टचे आसन मला सैल होते आणि बरगडीचे संरक्षक जाकीट मी अनावश्यक समजलो. सहाव्या-सातव्या लॅपला प्रत्येक उजव्या वळणात आसनाची कड डाव्या कुशीत त्याच जागी रुतू लागली, तरी मी थांबलो नाही. पुढचे तीन आठवडे शिंक आली की मी उशी कुशीशी घट्ट धरत असे. म्हणून सांगतो, पहिला खर्च हेल्मेटवर आणि दुसरा बरगड्यांच्या संरक्षकावर करावा. आसन सैल वाटले तर जाड गादी मागून घ्यावी, मानेला कॉलर लावावी आणि दुखू लागताच हात वर करून बाहेर यावे. कमरेचे जुने दुखणे, रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे झाल्यास एफएमएससीआय या देशातील मोटर शर्यतींच्या नियामक संघटनेचा परवानाही लागतो. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर ट्रॅकसाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा करून घ्यावा, कारण नजर सतत पुढच्या वळणावर हवी आणि तिथे भिंगाचा खालचा भाग आड येतो.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. ट्रॅकवर आपण बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा शिकाल, ती अंगात भिनेल, आणि त्याच संध्याकाळी आपण आंबा घाट उतरत असाल. समोरून ट्रक येत असतो, दरीकडून धुके चढत असते. परतीच्या प्रवासात शक्यतो मुलीला गाडी चालवू द्यावी, नाही तर घाटाच्या वर तासभर थांबून चहा घ्यावा आणि मगच निघावे.

प्रश्न : माझे वय ४४ असून मलाही कार्ट चालवण्याची इच्छा आहे. माझे केस कमरेपर्यंत आहेत. अंबाडा घातला की पुरे, असे मुलगा म्हणतो.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अंबाडा पुरेसा नाही. आसनाच्या मागेच ॲक्सल आणि चेन वेगाने फिरत असतात आणि त्यांत केस किंवा ओढणी अडकून आपल्याकडे प्राणघातक अपघात झालेले आहेत. घट्ट वेणी घालून ती डोक्याभोवती पिनांनी बसवावी, त्यावर कापडी टोपडे ओढून त्याची कड कॉलरच्या आत खोचावी आणि मगच हेल्मेट घालावे. ओढणी नेऊ नये, मंगळसूत्र काढून ठेवावे, पायांत बंद बूट असावेत. बसल्यावर मुलाला मागे उभे राहून एकही बट बाहेर नाही ना, हे पाहायला सांगावे, आणि हेल्मेट काढून पुन्हा घातले तर पुन्हा पाहायला सांगावे.