क्रुगरमधलं 'सातारा'

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर अभयारण्य स्वतः गाडी चालवून पाहता येईल का? कधी जावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काका, बिनधास्त जा. तिथंही गाडी डावीकडूनच चालवतात. डांबरी रस्त्यावर वेग ताशी 50 किलोमीटरपर्यंतच, आणि नेमून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर धरा, गवत वाळतं, जनावरं पाणवठ्यावर येतात.

मुक्काम मात्र 'सातारा'तच करा! क्रुगरच्या मध्यभागी त्याच नावाचा कॅम्प आहे. नाव 'सतरा' आकड्यावरून पडलं म्हणतात, पण पाटी वाचून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पहाटे फाटक उघडताच एस-100 या कच्च्या रस्त्याला लागलो. पिवळ्या गवतात सिंहीण बसलेली, मिशांवर दव, गाडीपासून चार हातांवर.

मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा.